जर्मन ग्लायडरचा रंग आणि हिंगणघाटचा मांजरपाट

मंडळी, सांगून राह्यली मी, टाइप करून राह्यली माही नात पल्लवी. मले लिहिता येत नाई, म्हणून चुका सगळ्या तिच्या.

पल्लवी जुन्या जर्मन ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, लहान नमुने बनवते. एका जर्मन आजोबाले त्यांच्या वडिलांचं ग्लायडर पाहिजे होतं, अगदी खऱ्या रंगाचं. फोटो एकच, तोही काळा-पांढरा. पोरीनं आधी पांढरा रंग देऊन दाखवला, मग चंदेरी. दोन्ही वेळा उत्तर आलं, "असं नव्हतं." आज सकाळी रडकुंडीले येऊन बसली होती.

म्हटलं, "आण तो फोटो. तुह्या कॉम्प्युटरले नाई जमलं, मी पाहते."

फोटोत विमान उन्हात उभं होतं. पंखाच्या कापडातून आतल्या लाकडी पट्ट्या दिसत होत्या.

"बाई, रंग लावला असता तं पट्ट्या दिसल्या असत्या काय? हे कोरं कापड हाय, वरून नुसतं वार्निश."

हिंगणघाटच्या मिलमध्ये कोऱ्या मांजरपाटाच्या घड्या घालण्यात माही जवानी गेली. त्याले वार्निश लावलं का तो मधासारखा पिवळसर होते.

पल्लवीनं तसाच एक तुकडा करून, उन्हात धरून फोटो पाठवला. दुपारी आजोबाचं उत्तर आलं, "लहानपणी मी त्या पंखाखाली झोपायचो. अंगावर उजेड असाच पडायचा."

पोरगी माह्या गळ्यातच पडली. "सोड, मरीन ना मी!" म्हटलं. पण खरं सांगू, तिनं मले फोटो दाखवला, त्याचेच उपकार मोठे.

तुमच्या घरच्या म्हातारीले "जेवली काय?" सोडून तुम्ही शेवटचं काय विचारलं होतं?