लाल बटनवाला प्रोग्राम

घाटंजीच्या आठवडी बाजारात ऑटोवरच्या भोंग्यातून जो आवाज फिरायचा, तो माझ्या थोरल्या भावाचा. साड्यांचा सेल, नवं बियाणं, हरवलेली म्हैस, कुणाची निधनवार्ता, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळायचं. त्याच तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्राही कायम असायचा. कॅन्सर निघाला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीभ काढावी लागेल.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी तो मला त्याच्या जाहिराती रेकॉर्ड करायच्या दुकानात घेऊन गेला. "माह्या पोरीले माहा आवाज ठाऊक रायला पायजे," म्हणाला. पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. जुनं रेकॉर्डिंग काहीच नव्हतं. होऊन गेलेल्या बाजाराची जाहिरात कायले ठेवाची, म्हणून तो पुसून टाकायचा. मोबाइलवर बोल म्हटलं तर माइकशिवाय बोलणं त्याला कमीपणाचं वाटे. असला हट्टी.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच लिनक्स टाकून दिलं होतं. नेमका त्याच दिवशी मेनू गायब. पडद्यावर एकही चित्र नाही. मी कीबोर्डवरून टर्मिनल, म्हणजे टाइप केलेले हुकूम पाळणारी काळी खिडकी, उघडलं आणि विचारलं, "भाऊ, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामचं नाव काय?"

"नाव कायले पायजे? तो लाल बटनवाला."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याचं नाव माहीत नाही! टर्मिनलला रंग कळत नाही, त्याला नावच लागतं. नाव ठाऊक नसेल तर वर्णनातला एखादा शब्द देऊन शोधता येतं, म्हणून मी 'रेकॉर्ड' हा शब्द दिला. पानभर नावं आली. एकेक टाकून पाहू लागले. काही चालू होऊन लगेच बंद पडायची, काही नुसती गप्प. भाऊ गालावर हात दाबून शेजारी बसला होता. शेवटी एक खिडकी उघडली, आणि तीत लाल बटन होतं. तो लहान पोरासारखा हसला.

"ही काळी खिडकी मागं राहू दे," मी बजावलं. "हा प्रोग्राम तिच्यातून सुरू केलाय. ती बंद केली की हाही मरतो. बोलून झालं की सेव्ह कर." मरतो हा शब्द निघून गेला आणि मी घाईने माइक त्याच्यापुढे सरकवला.

तो पोरीशी बोलू लागला. ती कॉलेजात गेल्यावर करील त्या खोड्यांसाठी आत्ताच रागावत होता. मला ऐकवेना, म्हणून मी बॅग भरायला घरी आले.

मागून निधनवार्तेसाठी लोक आले. या कामाला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. पोरीसाठीचं बोलणं सेव्ह न करता तसंच अर्धवट ठेवून त्याने त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या खिडकीत वार्ता रेकॉर्ड केली, सेव्ह केली, पेनड्राइव्हवर दिली. निधनवार्ता वाचली की त्या दिवशी माइकवर दुसरं काही बोलायचं नाही, सगळं बंद करून हातपाय धुवायचे, ही त्याची रीत. हात सवयीने चालला. समोर दिसेल ते त्याने बंद केलं, त्यात काळी खिडकीही.

मी परतले तेव्हा तो नळावर होता. माझा चेहरा पाहूनच त्याला कळलं. मी तात्पुरत्या फाइली धुंडाळल्या, काही उरलं नव्हतं. "पुन्हा बोल," म्हटलं. त्याने तोंड उघडून दाखवलं. आत रक्त होतं.

आता तो दुकानात असतो, खुणांनी बोलतो. पोरगी शाळेत जाते. परवा मला म्हणाली, "आत्या, बाबाचा आवाज लाव नं."

माझ्याकडे एकच होता, त्या दिवशीचा, पुसायचा राहून गेलेला. मी टर्मिनलमध्ये आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव टाकलं, पुढे त्या फाइलचं. खणखणीत, धीम्या सुरात तो बोलू लागला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." पोरीने स्पीकरला कान लावला. तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता!

भाऊ आतून आला. वार्तेत अंत्ययात्रेची वेळ सांगून होण्याआधी त्याने माउस घेतला आणि काळी खिडकी बंद केली.

पोरगी त्याच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, थांबला काहून? बोल नं."