रविवारचा खून आणि माझी कंबर

बहरीनमधल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एकच दिवस आजारी पडलो, आणि त्या दिवशी माझी प्रकृती उत्तम होती.

हा प्रसंग आमच्या घरात आणि हूरा वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीतून पांगलेल्या मंडळींत आजही सांगितला जातो, आणि दर वेळी चुकीचा सांगितला जातो. आमच्या सौभाग्यवती सुमन तो एका प्रकारे सांगतात, खालच्या मजल्यावरचे जोशी दुसऱ्या प्रकारे. आणि आमची कन्या, जी त्या वेळी शाळेत होती (म्हणजे जिने यातले काहीही पाहिलेले नाही), ती सर्वांत तपशीलवार सांगते! तेव्हा अधिकृत वृत्तान्त एकदा कागदावर यावा, एवढ्याचसाठी मी लेखणी उचलली आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य. ऑक्टोबर उजाडला की बहरीनमध्ये दोन गोष्टी घडत. खिडकीतले एसी रात्री बंद करता येत, आणि दूरदर्शन संचासमोर बसणारा माणूस पुन्हा माणसासारखा उत्साही होई. कारण भारतातल्या वाहिन्या नेमक्या त्याच सुमारास नव्या मालिका सुरू करीत आणि उन्हाळ्यात अर्धवट सोडलेल्या जुन्या मालिका परत आणीत. आमच्या गच्चीवर एक प्रचंड डिश होती. तिच्या कृपेने मराठी वाहिनी दिसे, आणि वारा फार नसेल तर ऐकूही येई.

त्या मोसमाचे वेळापत्रक मी स्वहस्ते आलेखाच्या कागदावर तयार केले होते. नव्या मालिका लाल शाईत, परतणाऱ्या हिरव्या. एका रकान्यात भारतीय वेळ, दुसऱ्यात अडीच तास वजा करून बहरीनची. जोशी सांगतात की मी त्याच्या पंचवीस प्रती ऑफिसच्या यंत्रावर काढल्या. हे धादांत खोटे आहे. प्रती बारा होत्या, आणि कागद माझा होता!

सगळ्या हिरव्या ओळींत एक ओळ मी दोनदा अधोरेखित केली होती. ती एका रहस्यमालिकेची होती. शेठजींचा खून झालेला, घरात चार पुरुष आणि एक सावत्र आई, इन्स्पेक्टर दारात उभा राहून म्हणतो, "खुनी याच घरात आहे" आणि तिथेच मे महिन्यात वाहिनीने आम्हांला पाच महिने टांगून ठेवले. अखेरचा भाग ऑक्टोबरातल्या एका रविवारी. हे पाच महिने इमारतीत दुसरा विषय नव्हता. सुमनचे मत, खून सावत्र आईने केला. जोशींचे मत, मेहुण्याने. मी पहिल्या दिवसापासून निःसंदिग्ध शब्दांत सांगत होतो की खून मुनीमाने केला आहे. जोशी हे आमच्याच कंपनीत हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी ते व्यक्तिशः घेतले. प्रकरण इतके चिघळले की मी चारचौघांत जाहीर केले, मुनीम निर्दोष निघाला तर या इमारतीत मी पुन्हा कोणत्याही विषयावर मत देणार नाही. (इमारतीने या अखेरच्या भागाची वाट किती आतुरतेने पाहिली, हे मला नंतर कळले.)

आता अडचण अशी की भारतातला रविवार हा सुट्टीचा, आणि बहरीनमधला रविवार हा कामाचा. मालिका भारतीय वेळेनुसार अकराला, म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेआठला. आणि साडेआठला मी तोवर बारा वर्षे, एकही दिवस न चुकता, माझ्या टेबलाशी असे. व्हीसीआर होता. परंतु गेल्या मोसमात मी तो लावला होता आणि त्यात कांद्यावरील करपा या रोगाविषयी अर्ध्या तासाचे मार्गदर्शन निघाले होते. मालिका भारतीय, म्हणून वेळ भारतीय लावावी, हे तत्त्व मला आजही मान्य आहे. यंत्राला ते कळले नाही. या खेपेस धोका पत्करणे शक्य नव्हते.

म्हणून रविवारी सकाळी सुमनने ऑफिसात फोन करून सांगितले की साहेबांची कंबर धरली आहे. "मी बारा वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले," असे त्या आजही सांगतात. हे विधान मी तूर्त राहू देतो.

सव्वाआठला जोशी वर आले. त्यांनी ऑफिसला ताप कळवला होता. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवीत, त्या कामावर गेलेल्या. आम्ही तिघे संचासमोर बसलो, शीर्षकगीत सुरू झाले, आणि दारावरची घंटा वाजली. सुमनने दाराच्या छिद्रातून पाहिले आणि अत्यंत शांतपणे सांगितले की बाहेर अबू यूसुफ उभे आहेत आणि त्यांच्या हातात फळांची करंडी आहे.

अबू यूसुफ हे आमचे मॅनेजर. अतिशय सज्जन गृहस्थ. दुसऱ्या कोणी रजा घेतली असती तर त्यांनी मान डोलावून कागदावर सही केली असती. पण बारा वर्षांत ज्याने एक दिवस चुकवला नाही तो माणूस फोन करवतो, याचा अर्थ त्यांनी एकच काढला, की गायकवाड आता फार दिवसांचा सोबती नाही! आणि आजाऱ्याला भेटणे हे त्यांच्याकडे कर्तव्य समजतात. माझ्या निष्कलंक हजेरीनेच माझा घात केला.

पुढील वीस सेकंदांबाबत तीव्र मतभेद आहेत. जोशी म्हणतात, मी त्यांना बाथरूममध्ये ढकलले आणि बाहेरून कडी लावली. मी त्यांना केवळ दिशा दाखवली. कडी सवयीने लागली असावी. सुमन म्हणतात, मी धावत जाऊन पलंगावर उडी घेतली. माझ्या वयाचा व हुद्द्याचा माणूस उडी घेत नाही. मी त्वरेने आडवा झालो. दूरदर्शन बंद करण्याचे भान मात्र कोणालाच राहिले नाही.

अबू यूसुफ आत आले. माझ्या उशाशी उभे राहून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला (कंबर दुखत असताना कपाळ का, हे मी विचारू शकत नव्हतो) आणि खालच्या आवाजात, आपल्या मोडक्या हिंदीत, सांगितले की जोशींची अवस्था याहून वाईट दिसते. खाली दार वाजवले, कोणी उघडत नाही. बहुधा इस्पितळात नेले. बाथरूममधून एक अस्फुट हुंदका आला. मग मला विश्रांती हवी म्हणून ते बैठकीत गेले. सुमनने संच बंद करण्यासाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो थांबवला. रहने दो, म्हणाले, देखने दो. आणि माझ्या खुर्चीत बसले.

आता परिस्थिती अशी होती. पाच महिने ज्याची वाट पाहिली तो भाग सुरू होता, आणि तो एक असा गृहस्थ पाहत होता ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता! कन्येच्या आवृत्तीत मी या वेळी जमिनीवरून सरपटत दारापर्यंत गेलो. हे बदनामीकारक आहे. मी पलंगावर फक्त दिशा बदलली, म्हणजे पायांच्या जागी डोके आणले. तिथून मला अबू यूसुफांचा डावा गुडघा, करंडीतली तीन केळी आणि पडद्याचा वरचा उजवा कोपरा दिसे. त्या कोपऱ्यात बहुतेक वेळ शेठजींच्या घरातला पंखा होता. मी कानांवर विसंबलो. इन्स्पेक्टरने एकेकाचा जबाब घेतला. मेहुणा रडला. मुनीम अडखळला. (अडखळला, याची नोंद घ्यावी!) सुमन चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. इन्स्पेक्टर म्हणाला, "शेठजींचा खून करणारी व्यक्ती म्हणजे..."

आणि बाथरूममध्ये जोशींना खोकला आला.

ताप कळवला होता, खोकला नव्हे. पण या माणसाचा हिशेब कधीच जुळत नसे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अबू यूसुफांनी मान वळवल्याचे मला गुडघ्यावरून समजले. सुमनने प्रसंगावधान राखून मिक्सर सुरू केला. रिकामा! तो मिक्सर आमच्या लग्नातला होता आणि त्याचा आवाज विमानतळावरच्या लोकांनाही विचलित करू शके. "आमच्याकडे पाइप असाच आवाज करतो," असे त्या ओरडून हिंदीत सांगत होत्या. बारा वर्षांतले पहिले खोटे, असे त्या ज्याला म्हणतात, ते त्या सकाळी एकटे नव्हते. मिक्सर थांबला तेव्हा पडद्यावर नावांची यादी सरकत होती.

म्हणजे सुमनने पाहिले नाही, जोशींनी पाहिले नाही, मी पाहिले नाही. जगातल्या आमच्या कोपऱ्यात खुनी पाहिलेला एकच माणूस होता, आणि तो हसतमुखाने माझ्या खोलीत येत होता.

"गायकवाड, बहुत अच्छा पिक्चर," ते म्हणाले. "पुलिस ने पकड लिया. खलास."

मी क्षीण आवाजात विचारले, "किसको?"

"वो आदमी को."

"कौनसा आदमी?"

त्यांनी थोडा विचार केला. "मूँछवाला."

सावत्र आई सुटली. त्या दिवशी एवढे एक तरी सिद्ध झाले. परंतु त्या घरातल्या चारही पुरुषांना मिशा होत्या! मी ताडकन उठलो, पलंगावरून खाली उतरलो आणि त्यांचा हात धरून विचारले, "साहेब, मूँछ मोटी थी या पतली? चष्मा था क्या?"

अबू यूसुफ माझ्या पायांकडे पाहत राहिले. मग कमरेकडे. मग बैठकीतल्या संचाकडे, जिथे पुढच्या मालिकेची जाहिरात लागली होती. शेवटी त्यांनी करंडीतले एक केळे सोलून माझ्या हातात दिले.

"मालूम मफी, भाई," ते म्हणाले. (मफी म्हणजे तिकडच्या बोलीत 'नाही'.) "बीच में तुम्हारा पाइप बहुत खाँसता था." आणि दाराशी जाता जाता म्हणाले, जोशीला पण बाहेर काढ.

त्यांनी ऑफिसात कोणाला काही सांगितले नाही. रजा मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी सर्वांनी डोळा मिचकावून विचारले, काय गायकवाड, पाहिलात की नाही शेवटचा भाग? मी म्हणालो, पाहिला, मुनीमच निघाला. एकदा असे म्हटल्यावर कोणाला खुनी कोण हे विचारणे म्हणजे पाहिले नाही हे कबूल करणे, आणि ते माझ्याच्याने होणे नव्हते. सुमनने त्याच संध्याकाळी नाशिकला माझ्या वहिनीला फोन करून विचारून घेतले. उत्तर त्यांना ठाऊक आहे. गेली कित्येक वर्षे जेव्हा जेव्हा त्या "अहो, एकदा ऐका तरी" म्हणून सुरुवात करतात, तेव्हा मी खोलीबाहेर जातो.

आता हे सारे लिहून होईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते की तो भाग मी पाहिला नाही, हे मी इथे सविस्तर, स्वतःच्या अक्षरात कबूल करून बसलो आहे. असो. खून मुनीमानेच केला. ज्या वाचकांना खात्रीने ठाऊक असेल, त्यांनी कृपया मला कळवू नये.