वाकडा चार

अठराव्या वर्षी आत्याने वेल्डिंगचा काळा चष्मा चढवला तो उतरवलाच नाही, असं तिची भावजय म्हणायची. "लग्न नाही केलं, चॅसीशीच लावलंय," हेही तीच म्हणायची, पण आत्याच्या मागे.

आत्याच्या वडिलांनी पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवून पहिली मोटरसायकल केली आणि पुढे मालवाहू तीनचाकी. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आठ माणसं, त्यातली चार घरची. वडिलांचा दंडक एकच: ज्याने चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडली त्यानेच तिच्यावर नंबर ठोकायचा. गाडी मोडली तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते कळलं पाहिजे.

नंबराचे पोलादी ठसे आत्याच्या जुन्या जेवणाच्या डब्यात असत. त्यातला चार कधीतरी घासताना तिरका झाला होता. गावभरचे मेकॅनिक चॅसीवर अंगठा फिरवून सांगत, "ही आत्याची."

वडिलांमागे कारखाना भावाने चालवला; तो थकला, तसा कारभार त्याच्या मुलाकडे, आत्याच्या भाच्याकडे आला. त्याने परक्या कंपनीच्या तयार चाळीस मोटरसायकली आणल्या, टाक्यांवर घरचं नाव रंगवून घेतलं आणि आत्यापुढे यादी धरली.

"एवढे नंबर ठोक, आत्या. संध्याकाळपर्यंत होतील."

"जोडल्या कुणी?"

"तिकडे मशीन जोडतं."

"मग मशीनलाच सांग ठोकायला."

"अगं, गिऱ्हाईक काय वाकून बघतंय?"

"नसेल बघत. मला रोज आरशात बघावं लागतं."

भाचा भडकला. "तुझ्या हट्टापायी कारखाना बसेल. मी बाजारातून नवे ठसे आणतो!"

"आण की. चार सरळ उठेल. मेकॅनिक अंगठा फिरवेल, विचारेल, ही कुणाची बाबा? तेव्हा पुढे होऊन 'माझी' म्हण."

"मालक मी आहे. डबा दे इकडे."

आत्याने डबा त्याच्यासमोर ठेवला, वर हातोडा ठेवला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून तोही ठेवला.

"घे. आधी एक चॅसी जोड."

भाच्याने आपल्या कडक इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिलं. मग ऑफिसचं काचेचं दार आपटून तो आत गेला.

अंगणात ताडपत्रीखाली चाळीस गाड्या बिननंबरी उभ्या होत्या. आत्या मात्र चार दिवस खपून जोडलेल्या आपल्या तीनचाकीपाशी बसली. एकेक आकडा एका घावात उठत गेला. चारची पाळी आली, तेव्हा तिने काचेच्या दाराकडे पाहिलं आणि हातोडा गरजेपेक्षा जरा जास्तच उंच उचलला.