शेवटचा वाफा

समुद्रावर मुलांनी किल्लाच बांधावा, हे कुणी ठरवलं? मंचरच्या माझ्या दोन भाच्यांना मी कोकणात डोंगराच्या आडोशाच्या एका शांत किनाऱ्यावर नेलं, तर त्यांनी वाळूत कांद्याचे वाफे पाडले. मग लाटांचं पाणी एकेका वाफ्यात वळवत त्या शेतातल्यासारखं दारं धरायला लागल्या. धाकटीचा वाफा शेवटी, खडकालगत होता. तेवढ्यात ओहोटी लागली.

"मामा, लाईट गेली," धाकटी म्हणाली. "माझा वाफा ऱ्हायला."

"आता रातच्यालाच येती," थोरली म्हणाली.

मी लोडशेडिंगविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस, पण समुद्राबद्दलचं निवेदन कुठल्या कचेरीत द्यायचं ते कळेना. धाकटी गाडीत बसेपर्यंत रडत होती. तिकडे गेलात, तर खडकालगतच्या कोरड्या वाफ्यात बादलीभर पाणी ओता.