कोल्हापूर ते नांदेड: एक तास दहा मिनिटं

वडील गेल्याचा फोन पहाटे आला. लग्नानंतर मी कोल्हापुरात राहते; माहेर वाशीम जिल्ह्यातलं, मेडशीचं. धाकटा भाऊ मिलिंद रडतच म्हणाला, "ताई, कधीलोक पोचशील?"

माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, मोबाइलवर पाहिलं. कोल्हापूर ते नांदेड विमानतळ, अंतर सव्वाचारशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं. नांदेडहून पुढे गाडी करायची. मी मिलिंदला सांगितलं, दुपारपर्यंत येते, बाबांना थांबवून ठेव.

विमानतळावर खिडकीतली मुलगी म्हणाली, "इथून नांदेडला विमानच नाही, ताई." सुनीलनं मोबाइल पुढे केला. ती हळूच म्हणाली, "हे नुसतं अंतरावरून काढतात हो. कुठल्याही दोन विमानतळांचा वेळ निघतो." आम्ही तो आकडा एसटीच्या वेळापत्रकासारखा वाचला होता. वेळ लिहिली आहे म्हणजे गाडी सुटणारच.

तिथूनच आमची कार सोलापूरच्या दिशेनं काढली. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे, खाण्याची सोयही आहे. पण जमत असेल तर मध्ये मुक्काम करा. एका दमात हे अंतर फार होतं.

लातूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. फोनवर आत्या आली. बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची.

"कुठलोक आली वो माय? विमान हाये का बैलगाडी?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिलिंदनं फोन घेतला. "ताई, आत्या सकाळपासून चहा बी घेऊन नाही राह्यली. शुगरची गोळी घेतली, पोटात काही नाही. मयत उठल्याबिगर चूल पेटत नसते म्हणते. हात थरथरून राह्यले तिचे."

नांदेडसुद्धा अजून दूर होतं. मी म्हटलं, "घेऊन जा बाबांना."

"तू त्याइले पाह्यलं नाही, ताई."

"आधी आत्याला जेवायला घाल."

सुनीलनं विचारलं, व्हिडिओ कॉल लावू का? मी नको म्हटलं. चहाच्या टपरीवर, चार माणसांत, हातातल्या काचेवर मला बाबा बघायचे नव्हते.

हिंगोली अंधारात गेलं. मेडशीला पोचलो तेव्हा बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती आणि आत्या जेवून झोपली होती. मी तिच्या शेजारी पडले.

सकाळी ती मला जवळ घेऊन बसली. "मिलिंदनं दाढी करून देली होती. पांढरा सदरा घातला होता. लग्नातही तुहा बाप एवढा नीट नव्हता दिसला. एक डोळा थोडा उघडा राह्यला होता, तो म्या मिटवला. कपाळावरच्या आठ्या सगळ्या गेल्या होत्या, वो." मी रडायला लागले, तशी ती चिडली. "कायले रडतं? म्या पाह्यलं न!"

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून आम्ही कोल्हापूरला परतलो. कोणी असा प्रवास ठरवत असेल तर एवढंच सांगते, किती वेळ लागतो ते वाचण्याआधी विमान आहे का ते विचारा.

भेटायला येणारे विचारतात, शेवटचं तोंड बघायला मिळालं का? मी नाही म्हणते. पण डोळे मिटले की दाढी केलेले, पांढऱ्या सदऱ्यातले बाबा दिसतात, आणि त्यांच्या कपाळावर एकही आठी नसते.