बिनचिपची किल्ली

भुतंखेतं, अंगात येणं, असल्या गोष्टी माझ्या डोक्यात कधी शिरल्याच नाहीत. मारेगावात माझं किल्ल्यांचं दुकान आहे. खाचा जुळल्या तर कुलूप उघडतं, नाहीतर नाही — एवढीच माझी श्रद्धा. म्हणून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

बाजारात कापसाला भाव नव्हता, त्या हंगामातली ही गोष्ट. मुकुटबनला माझी ताई राहते. भाऊजी स्वतःच्या सेकंडहँड कारमधून पॅसेंजर ने-आण करायचे. हार्ट अटॅकने गेले... दहाव्याला रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे नदीत सोडले, आणि सदऱ्याच्या खिशातली गाडीची एकुलती एक किल्लीही सोबत गेली. खिसे तपासायचं भान कोणाला होतं?

ती चिपची किल्ली. तिच्या प्लास्टिकच्या मुठीत बारीकशी चिप असते, तिला सेलबिल लागत नाही. किल्ली लावली की कुलपाभोवतीची कॉइल तिला जागं करते, चिप आपला नंबर सांगते आणि गाडी तो ओळखते. नंबर मिळाला नाही तर इंजिन क्षणभर धडधडून बंद पडतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत राहतो. नव्या चिपसाठी नागपूरहून मशीनवाला यायचा होता. तोवर नुसतं दार उघडायला म्हणून मी साधी किल्ली घासून दिली होती.

त्या दुपारी मी ताईकडेच होतो. बाळंतपणाला आलेल्या भाचीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, अंगावरून रक्त जायला लागलं. गावातल्या गाड्या कापूस घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत. वणीच्या दवाखान्यात न्यायला फोन करून बोलावलेली जीप यायला बराच वेळ होता. पोरीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मी घाबरलो, खरंच सांगतो.

ताईने तिला कारच्या मागच्या सीटवर निजवलं आणि डोकं मांडीवर घेतलं.

‘ताई, हे किल्ली नाही चालत. चिप नाही तिच्यात.’

‘लावून तं पाह्य, गजू.’

लावली. सुरू, बंद. लाल दिवा. पुन्हा तेच.

मग ताई मागून, भाऊजींशी रोज बोलायची त्याच आवाजात म्हणाली, ‘अहो, पोरीले वणीले न्या लागते.’ आणि मला, ‘आता लाव.’

लावली. इंजिन सुरू झालं... आणि सुरूच राहिलं. दिवा विझला. वणीपर्यंत गाडीने एकदाही आचका दिला नाही.

भाची वाचली, तिची मुलगीही. दवाखान्याच्या आवारात मी इंजिन बंद केलं. त्या किल्लीने ते परत कधी सुरू झालं नाही.

पुढे ती किल्ली मी फोडून पाहिली — भरीव प्लास्टिक. जुनी चिप निघून गाडीतच पडली असेल म्हणून सीट, मॅट सगळं काढलं. काही नाही. मशीनवाला म्हणाला, ‘कॉइलमध्ये फॉल्ट असन.’ तपासल्यावर तोही निघाला नाही.

नवी किल्ली बनवताना मशीनने विचारलं, जुन्या किल्लीचा नंबर गाडीतून पुसायचा का? हरवलेल्या किल्लीचा नंबर आम्ही पुसतोच, ती चोराच्या हाती लागली तरी गाडी सुरू होऊ नये म्हणून. मी ताईकडे पाहिलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली.

त्या दुपारचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. नंबर मात्र अजून गाडीत आहे.