रेणुकादास सरांचे निरोप

औशात रेणुकादास सरांना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो कालपरवाच सोलापूरच्या गाडीतून उतरलेला असणार. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. इंग्रजी म्हणजे काय, तर नॅरेशन. डायरेक्टचं इनडायरेक्ट. बाकीच्या व्याकरणाशी त्यांचं वैर नव्हतं, पण फळ्यावर अवतरण चिन्हं काढली की सरांच्या अंगात वारं शिरायचं. खडू तुटायचा, आवाज चढायचा आणि मागच्या बाकावरची पेंगणारी पोरंसुद्धा डोळे उघडायची.

"दुसऱ्याचं बोलणं सांगायचंय ना? मग त्याचं तोंड बाजूला ठेवा, आपल्या तोंडानं सांगा. काळ एक पाऊल मागं घ्या. 'आज'चं 'त्या दिवशी' करा, 'इथं'चं 'तिथं' करा. पण मतलब हलता कामा नये. मतलब हलला की शून्य."

आणि शून्य देताना सरांचा हात कधी आखडला नाही. तालुक्यातले अर्धे शेतकरी आणि निम्मे दुकानदार त्यांच्या हातचं शून्य खाऊन मोठे झाले.

निवृत्त झाल्यावर ओसरीवर बसून पेपर वाचावा, असा सरांचा बेत होता. पण गावाने तो पुरा होऊ दिला नाही. कोणाची सासऱ्याशी बोलचाल बंद, कोणाचं भाडेकरूशी वाकडं, कोणाचे सोयरे रुसलेले. आपल्याकडे माणसं एकदा अबोला धरतात तो मरेपर्यंत निभावतात, आणि तरी रोजची कामं अडतात. मग मधला माणूस लागतो. सरांकडे निरोप ठेवायचा, दुसऱ्याने येऊन तो न्यायचा, अशी रीत पडली.

सरांचं एक ठाम मत होतं. माणूस तोंडाने वाईट असतो, पोटाने नसतो. त्यामुळे निरोप नेताना ते काळाबरोबर रागही एक पाऊल मागे घ्यायचे. "त्या भाड्याला म्हणावं घर खाली कर," याचं "त्यांना जागेची जरा गरज आहे म्हणतात" व्हायचं. लोक निवळायचे, सरांचं नाव व्हायचं. खरं सांगायचं तर सरांना या कामाची चटक लागली होती. वाईट माणसाला कोणी ना कोणी आवर घालतं. भल्या माणसाची भलाई हाताबाहेर गेली, तर तिला अडवायला कोण जातं?

हणमंतराव आणि भागवत हे दोघे भाऊ सरांचेच विद्यार्थी. औशापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. वाटणी झाली तेव्हा बांध कुठून जावा यावरून दोघांची जुंपली, मोजणीवाल्यासमोर थोरल्या हणमंतरावांनी धाकट्या भागवतच्या कानफटात मारली, आणि तेव्हापासून नऊ वर्षं एकमेकांशी शब्द नाही. दोघांच्या खिशात मोबाइल, एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड दोघांची घरं, पण विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवायची तरी निरोप औशाला सरांकडे यायचा. बाजारच्या दिवशी हणमंतराव सकाळी यायचे आणि भागवत दुपारी. चुकून समोरासमोर गाठ पडू नये याची दोघेही डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचे.

हणमंतरावांच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांचा प्रत्येक निरोप शिवीने सुरू व्हायचा आणि धमकीने संपायचा. पाय तोडतो, विहिरीत ढकलतो, घर पेटवतो. नऊ वर्षांत त्यांनी यातलं काहीही केलं नव्हतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. शिव्या ओसरीवरच राहायच्या आणि भागवतला मिळायचा तो गाळून घेतलेला निरोप. आण्णा म्हणाले, पाणी मंगळवारी घे. आण्णा म्हणाले, बैल आवर जरा. भागवत तो ऐकून जायचा आणि जाताना दर वेळी थोडा थांबायचा.

यंदा मार्गशीर्षातल्या एका बाजाराला हणमंतराव आले ते तारेचं भेंडोळं घेऊनच. पहाटे हरभऱ्यात रानडुकरं घुसली होती आणि पाऊण एकर उकरून गेली होती. ओसरीच्या पायरीवर भेंडोळं आदळून ते उभ्याउभ्याच बोलले.

"त्या हरामखोराला सांगा सर, बांधाला तार वढून राहिलो. दिवेलागणीला लायनीवर आकडा टाकून करंट सोडणार हाय. डुकरासाठी हाय, पर तारंला मानूस कळत न्हाई. हिकडं पाय टाकलास तर डुकरावानी मरशील म्हणाव."

"हणमंतराव, हे बरं नव्हे. कायद्यात बसत नाही."

"कायदा येतोय का हरभरा राखायला? तुमी सांगा त्येला."

चहा न घेताच ते निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. "नक्की सांगा सर," म्हणाले. मग रस्त्यावर जाऊन पुन्हा एकदा मागे वळून तेच म्हणाले.

सरांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. नऊ वर्षांत या माणसाने एकही निरोप दोनदा बजावला नव्हता.

दुपारी भागवत आला. चेहरा उजळलेला, हातात पेढ्यांचा पुडा. त्याच्या लेकीची, साक्षीची, सोयरीक जमली होती. मुलगा विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेला, नांदेडात नोकरीला. पुढच्या आठवड्यात कुंकू लावून सोयरीक पक्की करायचा कार्यक्रम होता. पेढा सरांच्या हातावर ठेवून भागवत खालच्या पायरीवर टेकला.

"सर, बाप गेल्यावर आण्णाच बाप. कुंकवाला थोरला चुलता बसला न्हाई तर पाव्हणे काय म्हणतील? आनि पाव्हण्याचं जाऊ द्या, मलाच गोड लागायचं न्हाई." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "आण्णा मनानं कसा हाय हो आता?"

सरांच्या ओठावर तार आली होती. पण समोर हा पेढा, हा चेहरा. आता करंट म्हटलं, तर याला वाटणार भावाने आपल्याला मारायलाच सापळा लावला. हा ठाण्यात जाणार, तो याच्या अंगावर येणार आणि पोरीचं कुंकू भांडणात वाहून जाणार. सरांनी नऊ वर्षं जे केलं तेच याही वेळी केलं.

"पूर्वीसारखे राहिले नाहीत ते," सर म्हणाले. "सकाळीच आले होते. बांधाकडं त्यांचं काहीतरी काम चाललंय, तेव्हा चार दिवस तिकडून येणं-जाणं नको म्हणाले."

"असं म्हणला आण्णा? शिवी न देता?"

"असंच म्हणाले."

भागवतचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच भावाने आपल्या येण्या-जाण्याची फिकीर केली होती. हसत हसत तो उठला, सरांच्या पाया पडला आणि निघून गेला.

चौतीस वर्षं ज्यासाठी पोरांना शून्य दिलं, तेच सरांनी त्या दुपारी केलं होतं. मतलब हलला होता. ते त्यांना कळलंही होतं. पण शहाणा माणूस स्वतःला समजावण्यात फार हुशार असतो.

संध्याकाळी पत्नीने, कुसुमताईंनी, पोळी वाढताना विचारलंच. सकाळचं सगळं त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "तारेचं सांगितलंत ना भागवतला?"

"सांगितलं. म्हणजे सांगितल्यासारखंच."

"सांगितल्यासारखं म्हणजे?"

"तिकडून जाऊ नको म्हटलं. काम झालं ना?"

"का जाऊ नको ते?"

कुसुमताईंनी पोळी ताटात ठेवली आणि हात तसाच थांबवला. "अहो, लहान लेकरालासुद्धा आपण 'चुलीजवळ जाऊ नको' एवढंच म्हणत नाही, 'भाजेल' म्हणतो," त्या म्हणाल्या. सरांना ते लागलं, आणि लागलं म्हणूनच ते चिडले. "तुला बाहेरचं काय कळतं?" असं बोलून ते पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी फोन करू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी वाटलं, शेतावर असेल. दुपारी वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत असेल. तिसऱ्या पहरी फोन हातात घेतला आणि वाक्य कसं सुरू करावं तेच सुचेना. 'काल मी जे सांगितलं ते आण्णा म्हणाले नव्हते,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की नऊ वर्षांचे सगळेच निरोप उघडे पडणार होते. भागवत विचारणार, मग पाण्याचं काय म्हणाला होता? मग बैलाचं काय म्हणाला होता? सरांनी फोन खाली ठेवला. सरांना भ्याड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांना घरात बसवेना. पेपर उलटा-सुलटा झाला. चहा निवला. ऊन कलायला लागलं तसे ते उठून फाटकापर्यंत जाऊन येऊ लागले. दिवेलागणीचा अर्थ आता त्यांच्यासाठी बदलला होता. कुसुमताई देवापुढे दिवा लावायला उठल्या आणि सरांनी भागवतचा नंबर लावला.

फोन त्याच्या बायकोने, सिंधूने उचलला.

"सर व्हय? ते फोन घरीच ठिवून गेलेत."

"कुठं गेलाय?"

"आण्णाभावजींकडंच की." तिच्या आवाजात लग्नघराचा आनंद मावत नव्हता. "कुंकवाचं आवतण घेऊन गेलेत. म्हणले, आण्णा निवळलाय, आता मधी मानूस कशाला, मीच जाऊन पाया पडतो. नारळ घिऊन गेलेत."

"कोणत्या वाटेनं गेला सिंधू?"

"बांधावरूनच गेले. तुमी काम चाललंय म्हणला होता, पर बगितलं तर कुठं काई खणलेलं न्हाई. म्हणले, झालं आसंल काम. रस्त्यानं लई फेरा पडतोय."

"कधी? सिंधू, कधी गेला?"

"हे आत्ता. कामून हो सर?"

आणि चौतीस वर्षांत ज्यांची जीभ कधी अडखळली नाही त्या सरांना एक सरळ वाक्य जमेना. "तार," ते ओरडले, "तारेला करंट आहे, पळ, त्याला हाक मार!" पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला. मग सिंधूची हाक ऐकू आली, लांब जाणारी, आणखी लांब जाणारी. सरांनी हणमंतरावांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. ते शेतात आकडा टाकायला गेले होते आणि त्यांचा फोन ओसरीतल्या खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात होता.

भागवत बांधाच्या मधोमध सापडला. नारळ हरभऱ्यात गडगडत गेला होता. त्याला सर्वांत आधी पाहिलं हणमंतरावांनीच. तारेला काहीतरी लागल्याचं कळून ते डुक्कर बघायला धावले होते.

ठाण्यात सिंधूने जबाब दिला की, आम्हाला कसलीच कल्पना दिली नव्हती, भावजींनी मुद्दाम मारलं. हणमंतरावांनी सांगितलं की, मी निरोप धाडला होता, सरांना विचारा. मग सरांना बोलावणं आलं.

सर गेले ते इस्त्रीचे कपडे घालून. सवयीने. आत बाकावर हणमंतराव बसले होते, दाढी वाढलेली, नजर जमिनीत. समोरच्या भिंतीला टेकून सिंधू बसली होती आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून साक्षी. ठरलेल्या दिवशी ज्या हातांना हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या ते तिने मांडीवर नुसते ठेवले होते.

फौजदार तरुण होता, अदबीने बोलला. "सर, घाई नाही. हणमंतराव काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगा. आणि तुम्ही भागवतला काय सांगितलं तेही. तुमच्या मनाचं काही घालू नका."

खोटं बोलणं फार सोपं होतं. 'तारेचं सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही,' एवढ्यावर सर सुटत होते आणि कदाचित हणमंतरावही निम्मे सुटत होते. मेलेला माणूस थोडाच उठून सांगणार होता! सरांनी टेबलाची कड धरली. मग बोलले. हणमंतरावांचा निरोप त्यांनी शिवीसकट सांगितला, हरामखोर, डुकरावानी, सगळं. असे शब्द त्यांच्या तोंडून कोणी आजवर ऐकले नव्हते. लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर करून पाहिलं. मग आपण भागवतला काय सांगितलं होतं, तेही शब्दाला शब्द सांगितलं. ते फार लहान होतं, दीड ओळीचं.

सिंधूने तोंडात पदर कोंबला. हणमंतरावांनी तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली. सरांना वाटलं, हा आता अंगावर धावून येईल, आणि तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. पण हणमंतराव जागचे हलले नाहीत. शाळेतलं पोर आपलं उत्तर कुठं चुकलं ते विचारतं तशा आवाजात ते म्हणाले,

"सर, निदान माझी शिवी तरी न्यायची होती. शिवी ऐकली असती तर तो आला नसता हो."